रिसोड वेगळं का गेलं?

२३ नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या निकालाच्या दिवशी, दुपारपर्यंत वाशिम जिल्ह्यातल्या शेलूबाजारच्या चौफुलीवर एवढं कळून चुकलं होतं की राज्यात महायुती आली, आणि अशी आली की कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या दिवशी सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा रस्ता आणि जुना नागपूर–औरंगाबाद रस्ता इथे भेटतात, त्यामुळे चहाच्या टपरीवर कायम चार तालुक्यांची माणसं असतात. कुणी म्हणतं, बायांनी पलटवलं. कुणी म्हणतं, पैसा वाटला. कुणी मशीनवर बोट ठेवतं, कुणी ‘एक है तो सेफ है’ या प्रचारातल्या घोषणेवर. आणि मग कुणीतरी विचारतं, भाऊ, हे सगळं खरं असंल तर रिसोड काहून वेगळं गेलं?

या प्रश्नापाशी टपरीवरचं बोलणं थांबतं आणि विषय बदलतो. माझ्या मते खरं काम तिथूनच सुरू होतं. एखादा निकाल कशामुळे लागला हे शोधण्याची एक रीत आहे. ती अवघड नाही, फक्त सबुरीची आहे. सोयाबीनचं पोतं बाजारात नेलं की आपण मूठभर दाणे तळहातावर घेतो, ओल बघतो, डाग बघतो, माती बघतो, मगच भावाचं बोलतो. निवडणुकीच्या कारणांचंही तसंच करावं लागतं. आपल्या वाशिम जिल्ह्यात तीनच विधानसभा मतदारसंघ आहेत, वाशिम, कारंजा आणि रिसोड. पारख शिकायला एवढे पुरेसे आहेत.

आधी आकडे समोर ठेवू. जून २०२४ मध्ये लोकसभेचा निकाल लागला तेव्हा राज्यातल्या ४८ जागांपैकी ३० महाविकास आघाडीने जिंकल्या, १७ महायुतीने, आणि सांगलीची एक अपक्षाने. यवतमाळ-वाशिममध्ये ठाकरेंच्या शिवसेनेचे संजय देशमुख ९४ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. त्यांच्या विरोधात शिंदेंच्या शिवसेनेच्या राजश्री पाटील होत्या. पाच महिन्यांनी, २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं आणि २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन मुख्य पक्षांकडे गेल्या: भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. यवतमाळ-वाशिम लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात. वाशिम, कारंजा, राळेगाव, दिग्रस, पुसद हे पाच महायुतीने घेतले. एकट्या यवतमाळात काँग्रेसचे बाळासाहेब मांगुळकर जिंकले. रिसोड हा अकोला लोकसभेचा भाग. तिथे काँग्रेसचे अमित झनक पुन्हा निवडून आले.

या विजयाचा चेहरा तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे होते. लोकानुनयाचं राजकारण म्हणजे काय हे त्यांच्या प्रचारात स्पष्ट दिसतं. सी.एम. म्हणजे ‘कॉमन मॅन’ असं ते सांगत. बंगल्यात बसणारा नेता आणि लोकांत मिसळणारा कार्यकर्ता अशी दोन टोकं ते उभी करत आणि स्वतःला बहिणींचा भाऊ म्हणवून घेत. सत्तेतला माणूस इथे व्यवस्थेबाहेरच्या माणसाच्या आवाजात बोलतो. थेट खात्यात जाणारा पैसा त्या आवाजाला आधार देतो. मधला दलाल नाही, सरपंच नाही, साहेब नाही. भावाने दिलं आणि बहिणीला मिळालं.

आता वाद नीट करायचा तर ‘का जिंकले?’ हा एक प्रश्न नाही हे आधी मान्य करावं लागेल. त्यात तीन प्रश्न दडलेले आहेत. त्यांना जास्त मतं का पडली, हा पहिला. त्या मतांच्या मानाने जागा इतक्या जास्त का आल्या, हा दुसरा. आणि आपल्याला धक्का का बसला, हा तिसरा. तिघांची उत्तरं निराळी आहेत. टपरीवरचा वाद संपत नाही, कारण एकजण पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो आणि दुसरा ते तिसऱ्या प्रश्नाला लावून खोडत असतो.

कुठलंही कारण हातात घेतलं की त्याला विचारायचं: जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तू बदललास का? जे बदललं नाही ते बदललेल्या निकालाचं कारण एकट्याने होऊ शकत नाही. समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. शेलूबाजारला त्याचं कौतुक असणं साहजिक आहे, कारण मे २०२२ मध्ये सगळ्यात आधी नागपूर ते शेलूबाजार हाच २१० किलोमीटरचा टप्पा खुला करायचं ठरलं होतं. पुढे ते लांबलं आणि ११ डिसेंबर २०२२ ला थेट नागपूर ते शिर्डी असा रस्ता सुरू झाला. या रस्त्यामुळे मतं पडली असं बरेच जण सांगतात. पण जून २०२४ मध्येही रस्ता होताच, आणि तेव्हा याच भागाने महायुतीचा उमेदवार पाडला. म्हणजे रस्त्याने काही मतं टिकवून धरली असतील, पण पाच महिन्यांत झालेली उलथापालथ रस्त्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

हीच कसोटी सोयाबीनला लावली की गंमत उलटी होते. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांवर गेलेलं आपण पाहिलं आहे. २०२४ च्या हंगामाचा हमीभाव होता ४,८९२ रुपये, आणि बाजार समितीत हर्रासीला भाव निघत होता चार हजारांच्या आसपास. हमीभावाने खरेदी करणाऱ्या नाफेडच्या केंद्रावर न्यावं तर ओलाव्याची अट १२ टक्क्यांची. ती १५ टक्क्यांपर्यंत सैल झाली तेव्हा मतदान चार-पाच दिवसांवर आलं होतं आणि गरजवंताचा माल दिवाळीआधीच विकून झाला होता. राग जूनमध्ये होता, नोव्हेंबरमध्येही होता, उलट नवा माल घरात आल्यावर वाढलाच असेल. तरीही निकाल उलटला. याचा अर्थ राग खोटा होता असा होत नाही. रागाच्या विरुद्ध बाजूच्या पारड्यात काहीतरी वजनदार पडलं, एवढाच अर्थ होतो.

ते वजन कोणतं? २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. लोकसभेच्या निकालाला तेव्हा महिनाही झाला नव्हता. महिन्याला १,५०० रुपये, थेट बाईच्या खात्यात. ही योजना खेड्यात कशी उतरली हे बारकाईने बघण्यासारखं आहे, कारण तिचा परिणाम त्या बारकाव्यांतच आहे. सुरुवातीच्या अटींत पाच एकरांपेक्षा जास्त शेती असलेलं कुटुंब बाद होत होतं. काही दिवसांतच ती अट काढली. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची, पण पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं तर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलची पायरी चढायची गरज नाही. वयाची मर्यादा ६० वरून ६५ केली. अर्जाची मुदत वाढवत नेली. अर्ज भरायला अंगणवाडी सेविका मदतीला. प्रत्येक सवलतीनिशी आणखी एक घर योजनेत आलं. राज्यभरात लाभार्थींची संख्या दोन कोटींच्या पुढे गेली.

पैसे येण्याच्या तारखा बघा. जुलै आणि ऑगस्टचे मिळून तीन हजार ऑगस्टच्या मध्याला, राखीपौर्णिमेच्या तोंडावर जमा झाले. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच आले. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली. मतदानाच्या दिवशी बहुतेक बायांच्या खात्यात पाच हप्त्यांचे ७,५०० रुपये पोचलेले होते, आणि पुढे २,१०० करू असं आश्वासन समोर होतं. आघाडीनेही तीन हजारांचं आश्वासन दिलं होतं. पण मोबाईलवर आलेला मेसेज आणि जाहीरनाम्यातला आकडा यांत बाईला फरक कळतो.

टपरीवर एक हिशेब नेहमी ऐकू येतो: दीड हजार देऊन सोयाबीनमध्ये त्याच्या दहापट नेले. हा हिशेब अर्धाच आहे, तो पुरा करू. समजण्यासाठी आकडे धरतो. चार एकरांचा कास्तकार, एकरी सहा क्विंटल, म्हणजे २४ क्विंटल. हमीभावापेक्षा क्विंटलमागे ८०० रुपये कमी मिळाले तर तोटा १९,२०० रुपये. त्या घरात सासू आणि सून दोघी पात्र असतील तर पाच हप्त्यांचे १५,००० आले. आदल्या हंगामासाठी कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असं साहाय्य त्याच सुमारास वाटलं गेलं. चार एकरांना त्याचे साधारण आठ हजार. म्हणजे या घराची तोंडमिळवणी झाली. आता दहा एकरवाला घ्या. ६० क्विंटलवर तोटा ४८,०००, आणि दोन्हीकडून मिळून आले २५,०००. त्याचा राग कायम. आता भूमिहीन मजुराचं घर घ्या. सोयाबीन पडलं म्हणून त्याचं थेट काही गेलं नाही, आणि बायांच्या खात्यात पैसे मात्र आले.

तोटा जमिनीच्या मापाने वाटला गेला आणि मदत माणसांच्या मापाने. ज्यांची जमीन जास्त ती घरं थोडी. मत मात्र एकराला नसतं, माणसाला असतं. हे ध्यानात आलं की आपला तिसरा प्रश्न, धक्का का बसला, आपोआप सुटतो. बाजार समितीत, अडत्याच्या गादीवर, चौफुलीवर बोलतं कोण? माल घेऊन आलेला कास्तकार, म्हणजे जास्त तोटा झालेला माणूस, आणि तोही पुरुष. सोंगणीला गेलेल्या बाया चौफुलीवर चहा प्यायला बसत नाहीत. पत्रकार, पुढारी आणि आपण सगळे जिथे कान लावून होतो तिथे खरा राग होता, पण तो सगळ्या गावाचा राग नव्हता. मतदानानंतरच्या बहुतेक चाचण्यांनी महायुतीला पुढे दाखवलं होतं. तरी चौफुलीने ते मानलं नाही, कारण चौफुलीने चौफुलीचंच ऐकलं होतं.

मग लाडकी बहीण हेच कारण म्हणून वाद मिटवायचा का? एवढ्यावर नाही. आता दुसरी कसोटी: हेच कारण दुसरीकडे होतं तिथे काय झालं? त्याच नोव्हेंबरमध्ये झारखंडात निवडणूक झाली. तिथे हेमंत सोरेन यांच्या सरकारने ‘मंईयां सन्मान’ योजनेतून बायांना महिन्याला हजार रुपये सुरू केले होते आणि पुढे अडीच हजारांचा शब्द दिला होता. ८१ पैकी ५६ जागा घेऊन त्यांची आघाडी परत आली, आणि तिथे हरला तो भाजप. दोन राज्यं, विरुद्ध पक्ष, हत्यार तेच, आणि दोन्हीकडे सत्ता टिकली. आदल्या वर्षी मध्य प्रदेशात ‘लाडली बहना’च्या जोरावर भाजपची सत्ता टिकल्याचं सांगितलं गेलं होतं. इथवर पुरावा जोरदार आहे.

पण त्याच २०२४ मध्ये, जूनमध्ये, आंध्र प्रदेशात जगनमोहन रेड्डी हरले. खात्यात थेट पैसे देण्यात त्यांचं सरकार देशात पुढे होतं. पाच वर्षं देऊनही १७५ पैकी ११ जागा उरल्या. तेलंगणात ‘रयतु बंधू’ योजनेतून शेतकऱ्यांना थेट पैसे देणारे चंद्रशेखर राव २०२३ मध्ये हरले. म्हणजे पैसा दिला की मत मिळतंच असा नियम नाही. मला यातून असं वाटतं की ताज्या पैशाचं वजन जुन्या पैशापेक्षा जास्त असतं. चार महिन्यांची नवी गोष्ट ही देणगी वाटते, पाच वर्षांची गोष्ट पगार वाटू लागते. हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण पैसा एकटा पुरत नाही, हे आंध्रने सिद्ध केलं आहे.

आता आपल्या जिल्ह्यात परत येऊ. तिन्ही मतदारसंघांत सोयाबीन तेच, भाव तोच, योजना तीच, बातम्या त्याच. निकाल मात्र दोन तऱ्हांचे. जे सगळीकडे सारखं आहे त्याने फरक समजत नाही. फरक समजायचा तर जे वेगळं आहे तेच शोधावं लागतं.

वाशिममध्ये भाजपने २००९ पासून सलग तीनदा निवडून आलेले लखन मलिक यांना बाजूला केलं आणि श्याम खोडे यांना उभं केलं. पंधरा वर्षांत आमदाराविषयी जी नाराजी साठते ती मलिकांबरोबर बाजूला झाली. विरोधकांना बोलायला जुना आमदारच उरला नाही. कारंज्यात गोष्ट आणखी गुंतागुंतीची. आमदार राजेंद्र पाटणी फेब्रुवारी २०२४ मध्ये वारले. त्यांचे चिरंजीव ज्ञायक पाटणी शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे राहिले आणि भाजपने माजी आमदार दिवंगत प्रकाश डहाके यांच्या पत्नी सई डहाके यांना तिकीट दिलं. दोन्हीकडे गेलेल्या माणसाची पुण्याई, दोन्हीकडे सहानुभूती. जे कारण दोन्ही पारड्यांत पडतं ते बरंचसं वजा होतं. याच मतदारसंघातल्या पोहरादेवीला ५ ऑक्टोबरला पंतप्रधान आले होते, बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, आणि पीएम किसानचा अठरावा हप्ता तिथूनच सोडला गेला. बंजारा समाजाचं मोठं पीठ असलेल्या गावी आचारसंहितेच्या दहा दिवस आधी झालेला हा कार्यक्रम कारंज्यापुरता नक्कीच वेगळा होता. सई डहाके जिंकल्या.

रिसोडमध्ये महायुतीची जागा शिंदेंच्या शिवसेनेला सुटली आणि भावना गवळी उभ्या राहिल्या. पाचदा खासदार झालेल्या बाई, लोकसभेचं तिकीट कापलं गेलेलं. त्याच मतदारसंघात माजी खासदार अनंतराव देशमुख भाजपमध्ये होते. जागा मित्रपक्षाला गेली तसे ते अपक्ष उभे राहिले. लढत तिरंगी झाली. अमित झनक पहिले, देशमुख दुसरे, गवळी तिसऱ्या. झनक आणि देशमुख यांच्यातलं अंतर साधारण सहा हजारांचं. देशमुख आणि गवळी यांच्या मतांची बेरीज झनकांच्या मतांपेक्षा कितीतरी मोठी होते.

इथे घाईने ‘दोघं एक असते तर रिसोडही गेलं असतं’ असं म्हणायचा मोह होतो, आणि तिथेच थांबायला हवं. देशमुखांना पडलेलं प्रत्येक मत महायुतीचं नव्हतं. त्यांचं आयुष्य काँग्रेसमध्ये गेलेलं, २०१९ लाही ते अपक्ष लढून झनकांकडून थोडक्याने हरले होते. त्यांची मतं बरीचशी त्यांची स्वतःची. ते नसते तर त्यातली काही झनकांनाही गेली असती. दोन उमेदवारांची मतं दोन पोत्यांसारखी एका गोणीत ओतता येत नाहीत.

तरीही रिसोड एक गोष्ट पक्की सांगतं. योजना, घोषणा, पंतप्रधान, मुख्यमंत्री हे सगळं रिसोडच्या बायांपर्यंतही पोचलं होतं. शिंदेंच्याच पक्षाची, बाई असलेली, नाव असलेली उमेदवार तिथे तिसरी आली. लाट असली तरी ती कुठल्या पाटातून वाहायची हे बंडखोरी, स्थानिक घराणी आणि आमदाराचा जनसंपर्क ठरवतात. आधीच्या निवडणुकांपासून टिकून असलेला झनकांचा पाया इथे खरा ठरला. यवतमाळात तर भाजपचे माजी मंत्री मदन येरावार हरले. ज्याला सगळा निकाल एकाच कारणाने सांगायचा आहे त्याने आधी रिसोड आणि यवतमाळ समजावून सांगावं.

दुसरा प्रश्न होता जागांचा. इथे आकडे डोळे उघडतात. लोकसभेला दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास सारखी होती, ४३–४४ टक्क्यांच्या घरात, पण जागा ३० विरुद्ध १७. विधानसभेला महायुतीच्या तीन पक्षांना मिळून साधारण ४८ टक्के, आघाडीच्या तीन पक्षांना ३४ टक्क्यांच्या आसपास. ४८ टक्के मतांवर ८० टक्के जागा. आपल्याकडे ज्याला एक मत जास्त तो निवडून येतो. दुसऱ्याची मतं त्या मतदारसंघापुरती संपतात. फरक थोडा असला आणि सगळीकडे एकाच दिशेने झुकलेला असला की जागांचा पूर येतो.

पक्षवार बघा. काँग्रेसला १२.४२ टक्के मतं आणि १६ जागा. शिंदेंच्या शिवसेनेला १२.३८ टक्के मतं आणि ५७ जागा. शरद पवारांच्या पक्षाला ११.२८ टक्के आणि १० जागा, अजित पवारांच्या पक्षाला ९.०१ टक्के आणि ४१. जास्त मतं मिळवलेल्या काकांना दहा आणि कमी मतं मिळवलेल्या पुतण्याला एक्केचाळीस, कारण पुतण्या कमी जागा लढला आणि निवडून येण्याजोग्या लढला. भाजपला लोकसभेला २६.१८ टक्के मतं पडली होती आणि विधानसभेला २६.७७, म्हणजे जवळपास तेवढीच. आणि आणखी एक: आघाडीची मतं दहाएक टक्क्यांनी घटली, महायुतीची पाचएक टक्क्यांनी वाढली. उरलेली पाच कुठे गेली? अपक्षांकडे, बंडखोरांकडे, छोट्या पक्षांकडे. ‘लोक महायुतीकडे पलटले’ हे वाक्य निम्मंच खरं आहे. बाकी निम्मं ‘लोक आघाडीकडून सुटले’ असं आहे.

मतं आणि निकाल यांचं प्रमाण असं सुटणं फक्त आपल्याकडे होतं असं नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प जिंकले तेव्हा देशभरात त्यांना हिलरी क्लिंटन यांच्यापेक्षा २८ लाखांहून जास्त मतं कमी होती. पेन्सिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून ८० हजारांपेक्षा कमी मतांच्या आघाडीने निकाल फिरला. तरी पुढे वर्षानुवर्षं तिकडे वाद चालला तो सगळा देश बदलला का, यावर.

घोषणा आणि जातीचं समीकरण यांवर मी फार थांबत नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाविरुद्ध ओबीसी मतं एकवटली, असं सांगतात. लोकसभेला घटना बदलण्याच्या भीतीने जी मतं एका बाजूला गेली ती विधानसभेला तितकी बांधलेली राहिली नाहीत, असंही सांगतात. मराठा आंदोलनाचे नेते मनोज जरांगे यांनी ४ नोव्हेंबरला उमेदवार न देण्याचं ठरवलं. हे सगळं जून ते नोव्हेंबर बदललेलं आहे, म्हणून पहिल्या कसोटीला उतरतं. पण गावनिहाय ते किती लागू पडलं हे सांगायला जातीनिहाय मतमोजणी आपल्याकडे होत नाही, आणि होऊही नये.

मतदारयादी आणि यंत्रांबद्दलचा संशय मात्र टाळून चालणार नाही. हरलेल्याची रड म्हणून तो झटकणं मला मान्य नाही, आणि पुराव्याशिवाय निकाल खोटा ठरवणंही मान्य नाही. संध्याकाळी पाचला मतदानाचा आकडा ५८.२२ टक्के होता आणि अंतिम ६६.०५ टक्के. हा फरक कुठून आला, असा आक्षेप होता. निवडणूक आयोगाचं उत्तर असं की पाचचा आकडा फोनवरून गोळा केलेला असतो, सहापर्यंत रांगेत आलेल्यांना चिठ्ठ्या देऊन नंतरही मतदान चालतं, आणि २०१९ मध्येही असाच सहा-सात टक्क्यांचा फरक होता. लोकसभा ते विधानसभा यादीत वाढलेल्या नावांवर काँग्रेसने प्रश्न विचारले. यंत्रांच्या बाबतीत आयोगाने १,४४० व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्याचं आणि कुठेही तफावत न आढळल्याचं सांगितलं. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी ३ डिसेंबरला स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घेऊन बघायचं ठरवलं. प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. त्या मतदारसंघात आघाडीचाच उमेदवार निवडून आला होता, फक्त गावात तो मागे होता.

या संशयाची पारख करायलाही कागद आहे. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष नमुना १७-क भरतो, त्यात त्या यंत्रावर एकूण किती मतं नोंदली गेली ते लिहिलेलं असतं, आणि त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते. मोजणीच्या दिवशी यंत्रातली बेरीज त्याच्याशी जुळली पाहिजे. ज्या गावाचा प्रतिनिधी ही प्रत न घेताच घरी जातो त्या गावाला नंतर वाद घालायला हातात काही उरत नाही. मोजणीनंतर नमुना २० तयार होतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली हे लिहिलेलं असतं, आणि तो सगळ्यांना बघायला खुला असतो. लोकसभेचा नमुना २० सुद्धा विधानसभा मतदारसंघांप्रमाणे असतो, म्हणून आपल्याच केंद्राचे जून आणि नोव्हेंबर शेजारी ठेवून बघता येतात.

त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही, हेही समजून घ्यायला हवं. केंद्रावर किती बाया आणि किती पुरुष आले ते केंद्राध्यक्षाच्या डायरीतून कळतं. कुणाला किती मतं पडली ते नमुना २० मधून कळतं. पण बायांनी कुणाला दिली हे कधीच कळत नाही. एखाद्या केंद्रावर बायांचं मतदान वाढलं आणि महायुतीचीही मतं वाढली, तरी ती त्याच बायांची असतील असं नाही, त्यांच्या नवऱ्यांचीही असू शकतात. लोकांना नंतर विचारावं, तर जिंकलेल्याला मत दिलं असं सांगणारे वाढतात, आणि कारण विचारलं की जे पेपरात आलं तेच माणूस स्वतःचं म्हणून सांगतो. म्हणून एका पुराव्यावर विसंबायचं नाही. आकडा, तुलना आणि माणसाचं बोलणं तिन्ही एका दिशेला गेली तरच ते कारण धरायचं.

हे सगळं चाळणीतून काढल्यावर माझं मत असं बनलं आहे. मतं वाढली त्यात सगळ्यात मोठा वाटा लाडक्या बहिणीच्या ताज्या पैशाचा आहे, आणि भूमिहीन व अल्पभूधारक घरांत तो जास्त असणार. वाशिमात बदललेल्या उमेदवाराने आणि कारंज्यात नव्या मांडणीने त्या मतांना वाट करून दिली. रिसोडात बंडखोरीने आणि झनकांच्या जुन्या पायाने ती वाट अडवली. आघाडीची पाचएक टक्के मतं महायुतीकडे न जाताच गळाली. बाकी २३० चा डोंगर मोजणीच्या पद्धतीने उभा केला. २०२५ मध्ये योजनेची छाननी सुरू झाली आणि लाखो नावं वगळली गेली. ज्या घरांची नावं गेली त्यांनी पुढे कसं मत दिलं हे मिळालं तर माझं म्हणणं कसाला लागेल, आणि चुकलं असेल तर मी ते मागे घेईन.

तोवर शेलूबाजारच्या आणि आसपासच्या गावांतल्या तरुणांना माझी विनंती आहे. आपापल्या केंद्राचा लोकसभेचा आणि विधानसभेचा नमुना २० काढा, दोन्ही कागद चौफुलीवर घेऊन या, आणि त्या दिवशी गावातल्या चार बायांनाही चहाला बोलवा.